ऊसतोड लेकरांच्या संध्याकाळच्या जेवणासाठी पन्नास हजार: मंडळीतून कसे उभे करावेत?

सिंदफणाकाठ | २४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४८

सगळ्यांना सलाम.

यंदा मला आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पंच कमिटीत घेतलं आणि पहिल्याच बैठकीत पैशाचं काम गळ्यात पडलं. बीड जिल्ह्यातली छोटी मंडळी आहे, पंचेचाळीस उंबरे. निम्मे शेतमजूर, चार-पाच मास्तर (मी त्यातलीच एक), दोन नर्सबाई, एक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बाकी ज्याला जे मिळेल ते.

काम असं आहे. दिवाळी झाली की आमच्या आसपासच्या तांड्यांवरचे, वस्त्यांवरचे कोयते कारखान्यांवर जातात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत चार-पाच महिने फडावर. अंगावरची लेकरं सोबत जातात, शाळेतली आजी-आजोबांकडे राहतात. दुपारचं पोषण आहारात भागतं. संध्याकाळचं भागत नाही. आजीला दिसत नाही, सरपण ओलं, मग सकाळची भाकर पाण्यात कालवून लेकरं झोपतात. रविवारी शाळा नाही म्हणजे दुपारचंही नाही. सोमवारी परिपाठाला उभी असताना दोघं-तिघं हळूच खाली बसतात. पहिल्या वर्षी मी त्यांना रागावले होते.

आमच्या भागात एक ख्रिस्ती सेवा संस्था दोन वर्षांपासून अशा बावीस लेकरांना संध्याकाळचं ताट देते. यंदा त्यांनी कळवलं की बाहेरून येणारा पैसा आटलाय. निम्मा भार मंडळीने उचलला तर चालू ठेवू. हिशोब साधा आहे: २२ लेकरं, १५० दिवस, ताटामागे ३० रुपये, झाले ९९,०००. त्यातले निम्मे ४९,५०० आमचे.

पुण्या-मुंबईच्या मंडळीला हे एका रविवारचं काम असेल. आमच्याकडे रविवारची दानपेटी सहाशे-सातशेवर जात नाही.

आधीचा अनुभवही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी तेच सुचवेल. तीन वर्षांपूर्वी छपराच्या दुरुस्तीसाठी गायनाची रात्र ठेवली होती. बाहेरून बँड बोलावला, साउंड, मंडप, पाहुण्यांचं जेवण. खर्च ३८,०००. जमा ३१,५००, त्यातही काही तिकिटांचे पैसे "देतो की" म्हणून राहिले ते राहिलेच. छप्पर अजून गळतं. पावसाळ्यात उजव्या बाजूच्या दोन बाकांवर कुणी बसत नाही.

तर सुचवा. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडायला माझी ना नाही. पण ज्यांच्या दारात जायचं त्यांच्यातलेच दोन उद्या ताटाच्या यादीत येतील, अशी गत आहे.

परभणी_एक्सप्रेस | २४ ऑगस्ट, रात्री १०:३१

नाश्ता ठेवा. रविवारची भक्ती सुटली की लोक तसेही अर्धा तास आवारात रेंगाळतात. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) आणि चहा, तीस रुपये. चुरमुरे स्वस्त, कांदा-मिरची घरची, तेल एकाने द्यायचं, शेंगदाणे दुसऱ्याने. आमच्या तरुण संघाने संडे स्कूलच्या सहलीसाठी हेच केलं होतं. एक पथ्य पाळा: महिला मंडळाने रांधायचं आणि पुरुषांनी खायचं असं होऊ देऊ नका. आमच्याकडे दुसऱ्याच रविवारी बायकांनी कढई आपटली.

शिवाय लकी ड्रॉ. वीस रुपयांचं कुपन, पहिलं बक्षीस मिक्सर.

येळवस | २५ ऑगस्ट, सकाळी ६:५५

मी काय तुमच्यातला न्हाई, लातूरकडचा शेतकरी. पण लेकरांच्या जेवणाचं बोलायलाव म्हणून लिवतो. जानेवारीत हुरडा ठेवा. माझं रान रस्त्याला लागून आहे, आगटी मी पेटवतो, गोवऱ्या माझ्या. माणशी दोनशे घ्या, सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. शहरातली माणसं हुरड्याला कुठूनही येतात बघा.

जुना_जालनेकर | २५ ऑगस्ट, दुपारी ३:२०

ताई, सलाम. वयाच्या मानाने जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आपल्या मंडळ्यांचा खरा प्रश्न पैशाचा नाही, सवयीचा आहे. मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्या दुष्काळात आणि दारिद्र्यात उभ्या राहिल्या. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून 'मिशन' म्हणजे देणारा हात आणि आपण घेणारा हात असं ठरून गेलं. माझ्या लहानपणी दुधाची पावडर यायची, पिवळ्या तेलाचे डबे यायचे. ७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पोटं भरली, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण साहेब गेले, डबे बंद झाले, आणि आपले लोक अजून दाराकडे बघत बसलेत. पंच कमिटीत कुणी वर्गणीचं काढलं की म्हातारे म्हणतात, "मिशनला लिहा की."

म्हणून म्हणतो, पन्नास हजार आणायच्या आधी पंचेचाळीस घरांना देण्याची चटक लावा. पैसा नसेल तर धान्य द्या. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून बायका एक रीत पाळतात. स्वयंपाकाला तांदूळ काढला की त्यातला मूठभर बाजूला, वेगळ्या भांड्यात. तो गोळा होतो, विकला जातो, त्यावर मंडळीची कामं चालतात. तिथली माणसंही तेव्हा गरीबच होती. आपल्याकडे ज्वारीची मूठ काढा. कुणाला "शंभर रुपये द्या" म्हटलं की तो खिसा चाचपतो. मूठभर जोंधळा कुणाच्या घरात नाही?

आणि कापणीचा सण नीट करा. आजकाल लोक पाकिटात वीसची नोट घालून मोकळे होतात. पूर्वी वेदीपुढे कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा असा ढीग लागायचा आणि भक्तीनंतर आवारात लिलाव. लिलावात माणूस हट्टाने देतो. पाच रुपयांचं लिंबू शंभरला घेतो आणि वर्षभर मिरवतो.

हिशोबनीस | २६ ऑगस्ट, सकाळी ७:१२

गोड गोड चाललंय, थोडं कडू ऐका. नांदेडला ट्रस्टांचे हिशोब लिहितो, रोज हेच बघतो.

परभणीकर, लकी ड्रॉ विसरा. तिकीट विकून सोडत काढली की ती खाजगी लॉटरी, आणि तो गुन्हा आहे. चर्चच्या आवारात तर नकोच नको.

पावत्या कुणाच्या फाडणार? मंडळी ज्या ट्रस्टखाली आहे त्याच्या, किंवा त्या संस्थेच्या. चौघांनी मिळून 'अमुक सहाय्य समिती' असं पुस्तक छापून घेतलं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क लागतं. उद्या गणपती बसतायत, मंडळं धर्मादाय कार्यालयाची वर्गणीची परवानगी काढतायत ना, ती हीच. तुम्हाला वेगळा कायदा नाही.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. खजिनदाराच्या मोबाईलवर पैसे घेतले की पहिले दोन महिने सोय आणि तिसऱ्या महिन्यापासून भांडण. संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट देणारी मान्यता) असेल तर नोकरदारांना आवर्जून सांगा, पण दोन हजारांवर रोख दिलेल्याची वजावट मिळत नाही. मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. वर्ष संपल्यावर संस्थेकडून फॉर्म १०बीई (देणगीचा दाखला) मिळतो, तो मागून घ्या. बिनानावाच्या पेटीवर फार भर नको, नाव-गाव असलेली पावती कधीही बरी.

आणि परदेशातल्या नातेवाइकांना मेसेज करण्याआधी थांबा. भारतीय पासपोर्टवाल्याने तिकडच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर अडचण नाही. पासपोर्ट बदललेला असेल तर माणूस आपल्या आळीतला असला तरी कायद्याने तो परदेशी स्रोत. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर त्याचा रुपयाही घेता येत नाही.

लेस्टरकर | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

हिशोबनीस, तुम्ही माझ्याच घरावर दगड टाकला. मूळची संभाजीनगरची, इथे इंग्लंडात नर्स. गेल्या वर्षी पासपोर्ट बदलला. डिसेंबरला येते तेव्हा हातात रोख दिले तर?

हिशोबनीस | २६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

इथे येऊन रुपयांत दिले तरी तेच. भावाच्या नावावर फिरवून दिले तरी तेच. ज्या मोठ्या संस्थेकडे नोंदणी आहे तिच्या त्यासाठीच्या खात्यात द्या. आणि तिने ते पुढे या छोट्या संस्थेला द्यावेत असं म्हणाल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही बंद आहे.

लेस्टरकर | २६ ऑगस्ट, रात्री ११:१८

बरं. मग पैसे नाही, अक्कल देते.

इकडे ख्रिश्चन एड म्हणून संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या निर्वासितांसाठी इथल्या चर्चेसनी सुरू केलेली, आता गरिबीविरुद्धचं मोठं काम करते. १९५७ पासून दर मे महिन्यात त्यांचा एक आठवडा असतो. मंडळीतले लोक दारोदार लाल पाकिटं टाकतात आणि काही दिवसांनी परत येऊन ती गोळा करतात. मला यातली गंमत वाटते ती परत येण्याची. दारात उभं राहून मागितलं की माणूस कानकोंडा होतो. पाकीट ठेवून गेलं की त्याला त्याच्या घरात विचार करायला जागा मिळते. रिकामं दिलं तरी बंद पाकिटात काय आहे ते कुणाला कळत नाही.

ते नाश्तेही करतात, पण आपल्या सुशीलेपुढे त्यांचे टोस्ट म्हणजे काहीच नाही.

दुसरं, उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) एक कॅलेंडर देतात. रोज एक ओळ. आज घरातले नळ मोजा, नळामागे वीस पेन्स टाका. उद्या कपाटातले बूट मोजा. लहान मुलं वेड्यासारखी मोजत सुटतात.

येळवस | २७ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आमच्या लातूरला नळ मोजून काय करायचं ताई. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आमाला. नळ हाय, पाण्याचं इचारू नका. घरातल्या घागरी मोजा.

कोरडवाहू | २८ ऑगस्ट, दुपारी १२:५०

सगळं ठीक आहे. पण स्पष्ट विचारतो. जेवणाच्या नावाखाली धर्मांतराचा कार्यक्रम नाही ना? उद्या इतरांकडे वर्गणी मागायला जाल तेव्हा हा प्रश्न येणारच, म्हणून इथेच विचारला.

सिंदफणाकाठ | २८ ऑगस्ट, रात्री ९:१५

विचारलात ते बरं झालं, मागून बोलण्यापेक्षा. बावीसपैकी आमच्या मंडळीतली लेकरं तीन. बाकी एकोणीस तांड्यावरची आणि वस्तीवरची. भाकरी थापतात त्या दोन आज्या तांड्यावरच्याच आहेत, जेवण तांड्यावरच्या समाजमंदिरात होतं, चर्चमध्ये नाही. जेवणाआधी काय म्हणायचं ते त्या आज्या ठरवतात. बहुतेक वेळा त्या "हात धुतले का रे" एवढंच म्हणतात. तुमचं गाव जवळ असेल तर संध्याकाळी सातला या आणि बघा.

जुना_जालनेकर | २८ ऑगस्ट, रात्री ९:५०

आणि ८०जी ज्याला आहे त्या संस्थेला एकाच धर्माच्या लोकांसाठी काम करता येत नाही. कायदाच तसा आहे.

कोयत्याचा_पोर | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५५

खूप दिवस इथे फक्त वाचतो, आज लिहितो.

मी त्या बावीस लेकरांतला एक होतो असं समजा, पंचवीस वर्षांपूर्वीचा. आई-बाप फडावर आणि मी आजीकडे. आता पुण्यात कंपनीत आहे. कल्पना भरपूर आल्यात, मी दोनच गोष्टी सांगतो.

एक. फोटो काढू नका. आमच्या गावात एकदा कुठल्याशा संस्थेने स्वेटर वाटले. आधी रांगेत बसवलं, मग स्वेटर घालायला लावलं, मग पुन्हा काढून घडी करून हातात दिलं कारण फोटोत 'घेताना' दिसायला हवं होतं. थंडी होती. तो फोटो पेपरात आला. माझ्या वर्गातल्या पोरांनी तो कापून फळ्याला चिकटवला. स्वेटर मी परत कधी घातला नाही, आजी पांघरायची. वर्गणी मागायला जाताना तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की फोटो दाखवल्याशिवाय लोक देत नाहीत. देत नसतील तर राहू द्या.

दोन. आई-बापांकडेही मागा. हसू नका. उचल मिळाली की त्या दिवशी कोयत्याच्या हातात पैसा असतो, वर्षातला तेवढाच दिवस. कोयत्यामागे शंभर रुपये मागा. माझ्या बापाला कुणी असं विचारलं असतं तर त्याने दोनशे दिले असते आणि फडावर सगळ्यांना सांगितलं असतं की पोराचं जेवण मी भरून आलोय.

परभणी_एक्सप्रेस | १ सप्टेंबर, सकाळी ८:०२

पहिलं पटलं. दुसरं नाही पटलं. उचल म्हणजे कर्ज. कर्जातून दान घ्यायचं?

कोयत्याचा_पोर | १ सप्टेंबर, रात्री १०:२०

त्याच कर्जातून मोबाईलही घेतात, मामाच्या लग्नाचा आहेरही करतात. देऊ नका म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सिंदफणाकाठ | २ सप्टेंबर, रात्री ९:३०

कमिटीत सगळं वाचून दाखवलं. दोन तास भांडलो. ठरलं ते असं: ज्वारीची मूठ १० तारखेपासून सुरू, प्रत्येक घरी एक डबा. कापणीचा सण १६ नोव्हेंबरला, लिलावासकट. सुशीला ऑक्टोबरपासून, रांधण्याची पहिली पाळी तरुण संघाच्या मुलांची. फोटो नाहीत. आई-बापांकडून शंभर घेण्याला मीच विरोध केला. लाज वाटली.

मुठीचा अंदाज असा की घरात दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. सगळ्या पंचेचाळीस घरांनी काढली तर महिन्याला १३५ किलो. रुपयांत किरकोळ वाटेल, पण बावीस लेकरांच्या भाकरीला महिन्याला लागतं ते पीठ शंभर किलोच्या आसपास. म्हणजे विकायचीसुद्धा गरज नाही, थेट गिरणीत.

सिंदफणाकाठ | १ ऑक्टोबर, रात्री ८:४०

पुराचं तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. नदीकाठची आमची अकरा घरं पाण्यात होती, दोन रात्री लोक शाळेत झोपले. सोयाबीन गेलं. कापूस उभा आहे पण काळा पडलाय. काही रानांत मातीच उरली नाही, नुसते गोटे.

कापणीचा सण करायचा कशाचा? कालच्या बैठकीत एक जण म्हणाले, "ताई, यंदा आपणच यादीत." मला उत्तर सुचलं नाही. जोंधळ्याचे डबे गोळा करायला जायचं का तेही कळेना.

येळवस | १ ऑक्टोबर, रात्री ९:०२

आमच्याकडं बी तसंच. जित्राबं वाचली एवढंच.

हिशोबनीस | १ ऑक्टोबर, रात्री ९:२५

पंचनामा झाला का बघा आधी. आधार, बँक पासबुक, सातबारा भिजले असतील तर लोकांना आताच तलाठ्याकडे पाठवा. वर्गणी नंतर. मंडळीत शिकलेले चौघे आहेत ना, त्यांना या कामाला लावा.

गेवराईची_सून | २ ऑक्टोबर, दुपारी २:४५

मी इथे नवी आहे. आमच्याकडे पाणी शिरलं तेव्हा सगळ्यात आधी अंथरूण-पांघरूण गेलं. वाळवून वाळवून वास जात नाही. ते बघून सुचलं. तुमच्याकडे पीक नसेल तर वाकळा शिवा. घरटी एक तुकडा मागा, लुगड्याचा, धोतराचा, झबल्याचा, काहीही. तुकडा द्यायला पीक लागत नाही. महिनाभरात तीन-चार होतील. शहरात हल्ली गोधडीला चांगली किंमत येते, आणि दुकानातल्यासारखी मशीनची नाही, हाताची म्हणून सांगा.

जुना_जालनेकर | २ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

सूनबाई, वा.

सिंदफणाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

परवा सण झाला. बसून सविस्तर लिहिते.

हिशोबनीसांचं ऐकून ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस आम्ही फक्त कागद केले. मंडळीतल्याच नाही, वस्तीवरच्या लोकांचेही. त्यात ओळखी झाल्या. आधी ज्या घरांत आम्हाला 'चर्चवाल्या बाई' म्हणायचे तिथे चहा मिळायला लागला.

वाकळांसाठी तुकडे मागितले तेव्हा वाटलं होतं वीसेक मिळतील. त्रेचाळीस घरांनी दिले. पुरातली घरंही त्यात. एका आजीने नवऱ्याच्या धोतराचा काठ दिला, तो वारून सोळा वर्षं झाली. नर्सबाईंनी पांढरा युनिफॉर्म फाडून दिला. दुपारच्या उन्हात चर्चच्या ओट्यावर सात-आठ जणी मांडी घालून बसायच्या, मध्ये वाकळ पसरलेली, चारी बाजूंनी टाके मध्याकडे येत चाललेले. मला सरळ धाव दोरा जमेना. माझे टाके रात्री एक म्हातारी गुपचूप उसवून पुन्हा घालते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तीन वाकळा झाल्या.

वेदीपुढे ढीग लहानच होता. आठ-दहा कणसं, ती वरच्या माळावरची. अंडी, लिंबं, शेंगाच्या चटणीचे डबे, एक कोंबडा आणि कंडक्टरकाकांच्या परसातला एकच एक लाल भोपळा. पुराच्या पाण्यातून तो वेलासकट बाभळीवर अडकून वाचला म्हणे. लिलाव कंडक्टरकाकांनीच पुकारला, एसटीतल्या आवाजात. "बोला बोला, पुढं सरका, वाकळ सुटायली!" पहिली वाकळ ६,२००, दुसरी ४,१००, तिसरी ३,७००. पहिली घेतली ती तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंनी, त्या मंडळीतल्या नाहीत, सहज बघायला आलेल्या.

भोपळ्याचं सांगायलाच हवं. पहिल्यांदा तीनशेला गेला. घेणाऱ्याने उचलला, दोन पावलं गेला, परत येऊन टेबलावर ठेवला, "पुन्हा विका." दुसऱ्यांदा साडेचारशे. तोही परत. तिसऱ्यांदा सातशेला आमच्याच पाळकांनी घेतला आणि तोही टेबलावर ठेवून निघून गेले. एका भोपळ्याचे १,४५०. सगळा लिलाव मिळून २०,८००.

आणि कोयत्याचा_पोर, तुमच्यासाठी. गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू झालं, त्याच्या आधल्या आठवड्यात ट्रॅक्टर भरत होते. मी लेकरांची नावं लिहून घ्यायला गेले होते, मागायला नाही. एका आईने विचारलं, "बाई, जेवणाचं कितीला पडतं?" मी सांगितलं. तिने शंभर काढून दिले आणि म्हणाली, "पावती माझ्या नावानं फाडा, ह्यांच्या नको." पावतीची चार घड्यांची पुरचुंडी करून तिने आधार कार्डाच्या पिशवीत ठेवली. ते बघून बाकीचे आले. चौदा कोयत्यांनी दिले, १,४०० रुपये. माझा विरोध मी मागे घेतलाय.

कोयत्याचा_पोर | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

वाचलं. उद्या उत्तर लिहितो.

परभणी_एक्सप्रेस | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

कर्जातून दान म्हणालो होतो मी. असो. सुशीलेचं काय झालं?

सिंदफणाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

तरुण संघाच्या मुलांनी पहिल्या रविवारी चुरमुरे इतके भिजवले की लापशी झाली. तरी संपली. पुढचे तीन रविवार बरे गेले. चार रविवारचे खर्च वजा जाता ६,४००.

लेस्टरकर | २० नोव्हेंबर, पहाटे ४:१०

पाकिटांचं करून बघितलं का?

सिंदफणाकाठ | २० नोव्हेंबर, रात्री ८:३०

नाताळच्या गीतगायनाला. गाणी म्हणून निघताना पाकीट ठेवायचं आणि परत आणायला दोन दिवसांनी जायचं. पूर्वी पोरं दारात डबा खुळखुळवायची, ते बंद.

सिंदफणाकाठ | २८ डिसेंबर, रात्री ९:२०

हिशोब. हाच कागद चर्चच्या दारावर आणि तांड्याच्या समाजमंदिरात लावलाय.

लिलाव २०,८००. सुशीला ६,४००. पुण्या-संभाजीनगरला गेलेल्या आपल्या लोकांनी संस्थेच्या खात्यात पाठवलेले ९,५००. गीतगायनाची पाकिटं ७,१५०, त्यांतली नऊ रिकामी आली. कोयते १,४००. रोख आणि बँक मिळून ४५,२५०. ठरलेल्या रकमेला ४,२५० कमी.

ज्वारी राहिली. सप्टेंबरात २५ किलो, ऑक्टोबरात ३८, नोव्हेंबरात ७१, डिसेंबरात ७८, एकूण २१२. संस्थेने ती ३० रुपये किलोने आपल्या वाट्यात धरली, म्हणजे ६,३६०. सगळं मिळून ५१,६१०.

पंचेचाळीसपैकी एकतीस घरं मूठ काढतात. पुरातल्या अकरापैकी सहा. मी त्यांच्या दारात डबा न्यायला जातच नव्हते, त्यांनीच चर्चमध्ये आणून ठेवले.

खर्चाची एक बाब खटकेल म्हणून आधीच सांगते. गिरणीवाल्याने दळणाचे पैसे घेतले, ८४० झाले. माफ करेल असं गृहीत धरलं होतं. चूक माझी, विचारलं नव्हतं.

उपवासकाळ १८ फेब्रुवारीला सुरू होतोय. लेस्टरकरांचं मोजायचं कॅलेंडर संडे स्कूलची मुलं बनवतायत. नळाऐवजी घागरी धरल्यात. येळवसभाऊ, हुरडा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी चालेल का?

येळवस | २८ डिसेंबर, रात्री ९:४१

चालतंय. पेरा उशिरा झाला, पण कणसं भरायलीत. अन् त्या भोपळ्याचं काय झालं?

कोरडवाहू | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

हिशोब वाचला.

सिंदफणाकाठ | २८ डिसेंबर, रात्री १०:३०

भोपळा महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात होता. कुणाचा ते कमिटीत ठरेना. विकत घेणाऱ्या तिघांनाही नको, कंडक्टरकाका म्हणतात दिलेलं परत घेत नसतात.

येळवस | २८ डिसेंबर, रात्री १०:३४

घारगे करा की.

सिंदफणाकाठ | २८ डिसेंबर, रात्री १०:५०

केले. नाताळच्या संध्याकाळी. सहासष्ट झाले, लेकरामागे तीन. गूळ आज्यांनी आणला.